मदत आहे, पण खिडकी कुठली? बेळगाव सीमाभागातल्या कॉलेज विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागले की आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या खोलीवर पोरं येतात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागदांची चळत, आणि तोंडात एकच वाक्य: "काका, हे कुठं द्यायचं?" मी वकील नाही, अधिकारीही नाही. भूतरामनहट्टीच्या बसमध्ये दोन वर्षं उभ्यानं प्रवास करून एम.ए. केलं, आणि त्या काळात चुकीच्या खिडक्यांपुढे बराच वेळ घालवला, एवढंच माझं भांडवल. खालचे प्रश्न त्या पोरांचेच आहेत.

अडचण आहे, पण नेमकं कुणाकडं जायचं तेच कळत नाही. सुरुवात कुठून करू?

आधी आपलं विद्यापीठ कुठलं ते बघा. हसू नका, इथंच निम्मी पोरं चुकतात. बेळगावात राहणारी चार मुलं चार विद्यापीठांची असू शकतात. बीए, बीकॉम, बीएस्सीवाले बहुतेक भूतरामनहट्टीच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचे. हे २०१० साली झालं, त्याआधी तिथं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. इंजिनिअरिंगवाले विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे, म्हणजे मच्छेच्या 'ज्ञानसंगम'चे, १९९८ पासून. केएलई हे अभिमत विद्यापीठ, त्याचे नियम त्याचे स्वतःचे. आणि सीमेपलीकडच्या कॉलेजात शिकत असाल तर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. उद्यमबागेतल्या बीईच्या पोरानं मार्क्स कार्डाची तक्रार घेऊन काकतीच्या पुढं भूतरामनहट्टीला जाणं म्हणजे दिवसही गेला आणि बसभाडंही.

विद्यापीठ कळलं तरी आधी कॉलेजच. वर्गशिक्षक, मग ऑफिस, मग प्राचार्य. कॉलेजनं हात वर केले की मग विद्यापीठ. थेट वर गेलात तर वरचा पहिला प्रश्न हाच असतो, "कॉलेजात अर्ज दिलास का?" राणी चन्नम्माचा नवा परिसर हिरेबागेवाडीला आहे, त्यामुळे निघण्याआधी आपलं काम कुठल्या परिसरात होतं ते फोन करून विचारा.

ऑफिसात सगळं कन्नडमध्ये चालतं. मराठीत अर्ज दिला तर घ्यावा लागतो का?

तक्रारीचा अर्ज असेल तर घटना तुमच्या बाजूनं आहे. कलम ३५० सांगतं की गाऱ्हाणं मांडण्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं. मराठी कर्नाटकात वापरली जात नाही असं म्हणायला फार मोठी छाती लागेल. कलम ३५०-ब खाली भाषिक अल्पसंख्याक आयुक्त नेमलेले असतात. हे कार्यालय १९५७ पासून आहे आणि त्याचं एक विभागीय कार्यालय आपल्या बेळगावातच आहे. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त असतील तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, असं केंद्र आणि राज्यांनी मान्य केलेलं धोरण आहे. ते पाळलं जात नसेल तर पुराव्यानिशी या आयुक्तांकडे लिहिता येतं.

हे झालं हक्काचं. आता व्यवहाराचं. उद्या शेवटची तारीख असेल तर घटनेचं कलम घेऊन काउंटरवर उभं राहू नका. इंग्रजीत अर्धं पान लिहा, काम होऊ दे, भाषेचा मुद्दा वेगळ्या अर्जात मांडा. माहितीच्या अधिकाराला तर हे जास्तच लागू आहे. त्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यायचा असतो. मराठी त्यात बसत नाही, म्हणून तो इंग्रजीतच लिहा.

आणि थोडं कन्नड शिका. अभिमानाला काही होत नाही. "स्वीकृती कोड्रि" एवढे दोन शब्द मला वेळेवर आले असते तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

म्हणजे काय झालं होतं?

स्कॉलरशिपचा फॉर्म एका ऑफिसात टेबलावर ठेवून आलो. पोच मागायची असते हेच माहीत नव्हतं. मार्चमध्ये विचारलं तर फॉर्म आलाच नाही म्हणाले. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. स्वीकृती म्हणजे पोच. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवायचा, पावती जपायची. ऑनलाइन असेल तर शेवटच्या पानाचा फोटो काढायचा.

स्कॉलरशिपचा अर्ज मंजूर दिसतो, पण पैसे येत नाहीत. का?

दहापैकी सात वेळा खातं आधारशी जोडलेलं नसतं. पोरं म्हणतात, "जोडलंय की! बँकेत आधारची झेरॉक्स दिलीया." झेरॉक्स देणं म्हणजे केवायसी. सरकारी पैसे यायला खातं एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या, यादीत आधारशी जोडावं लागतं, त्याचा वेगळा फॉर्म बँकेत असतो. दोन बँकांत खाती असतील तर शेवटी ज्या बँकेत जोडणी केली तिथं पैसे जातात. शोधा, कदाचित आईनं उघडून दिलेल्या जुन्या खात्यात पडलेले असतील.

दुसरं कारण नावाचं, आणि हे आपल्या भागाचं खास दुखणं. आधारवर पूर्ण नाव वडिलांच्या नावासह, एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर नावापुढे नुसती आद्याक्षरं, रेशन कार्डावर कन्नडातून इंग्रजीत उतरलेलं तिसरंच स्पेलिंग. मराठीतून कन्नडात आणि कन्नडातून इंग्रजीत जाता जाता 'चौगुले'चं काय काय होतं ते मी पाहिलंय. राज्याच्या एसएसपी या शिष्यवृत्ती पोर्टलला माणूस दिसत नाही, अक्षरं दिसतात. मार्क्स कार्डावरचं नाव प्रमाण धरा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. हे काम अर्जाच्या महिन्यात नको, सुट्टीत करा.

जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयातून, काढायचा. त्यावर आरडीनं सुरू होणारा क्रमांक असतो, पोर्टलला तोच लागतो. जुना, हातानं लिहिलेला दाखला कितीही खरा असला तरी तिथं चालत नाही. केंद्राच्या शिष्यवृत्त्यांसाठी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल वेगळं आहे.

आम्ही मराठा. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांकडं वेगळा दाखला आहे. तो इथं चालेल का?

नाही. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गाच्या ३-ब गटात येतो आणि या गटाला राज्यात ५ टक्के आरक्षण आहे. महाराष्ट्रातला गट आणि तिथली भांडणं तिथं. मामाच्या दाखल्यावर इथं अर्ज भरू नका. अर्ज बाद होतो तो होतो, वर खोट्या माहितीचा शेरा बसला तर तो पुसायला जन्म जातो. मराठा समाजासाठी राज्याचं विकास महामंडळ आहे, त्याच्या योजनांची चौकशी जिल्ह्याच्या मागासवर्ग कल्याण कार्यालयातही करा.

मी निपाणीचा. कॉलेज अर्जुननगरला. मग स्कॉलरशिप कुठल्या राज्याची?

या प्रश्नावर मला प्रत्येक वेळी हसू येतं आणि वाईटही वाटतं. देवचंद कॉलेज निपाणीला लागून, पण ते कागल तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात. पोरगं सकाळी घरातून निघून कॉलेजात पोचेपर्यंत राज्य बदलतं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचं सूत्र असं आहे की विद्यार्थी ज्या राज्याचा रहिवासी, त्या राज्यानं पैसे द्यायचे. कॉलेज कुठं आहे हा दुसरा प्रश्न. म्हणजे घर निपाणीत असेल तर कर्नाटकाच्या पोर्टलवर, परराज्यात शिकणारा म्हणून. महाराष्ट्राच्या महाडीबीटी या शिष्यवृत्ती पोर्टलला तिथला अधिवास दाखला लागतो, तो तुमच्याकडे नसतो. कॉलेजचा क्लार्क महाराष्ट्राच्या पद्धतीनं सांगेल आणि निपाणीतला सेवा केंद्रवाला कर्नाटकाच्या. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, तुम्हाला मात्र आपल्या घराचा पत्ता धरून चालायचंय.

महाराष्ट्रात इंजिनिअरिंग किंवा इतर व्यावसायिक कोर्सला सीमाभागातल्यांना काही सोय आहे का?

आहे, आणि बारावी, म्हणजे आपली सेकंड पीयूसी, संपेपर्यंत बहुतेकांना माहीत नसते. महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशात 'टाइप ई' नावाचा उमेदवार प्रकार असतो. वादग्रस्त सीमाभागात राहणारे, तिथल्याच मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी किंवा बारावी झालेले आणि मातृभाषा मराठी असलेले, यांच्यासाठी. महाराष्ट्रानं दावा सांगितलेली ८६५ गावं हा त्याचा पाया. गाव त्या यादीत आहे याचा एक आणि मातृभाषा मराठी असल्याचा एक, असे ठरलेल्या नमुन्यातले दाखले लागतात. ते ऐन वेळी मिळत नाहीत, सीईटीचा फॉर्म भरतानाच त्यांच्या मागं लागा. माहितीपुस्तिका दर वर्षी नवी निघते, ती पूर्ण वाचा. कोल्हापूरकडच्या काउंटरवर 'एचएससीचं सर्टिफिकेट' मागतील तेव्हा गोंधळू नका, पीयूसीचं मार्क्स कार्ड द्या. इथून तिथं किंवा तिथून इथं जाताना मायग्रेशन सर्टिफिकेट लागतंच.

हॉस्टेल मिळालं नाही. खोलीचं भाडं परवडत नाही.

मागासवर्ग कल्याण खात्याची वसतिगृहं आणि समाज कल्याण खात्याची वसतिगृहं, दोन्हीकडे वेगवेगळे अर्ज असतात. एकीकडे नाही म्हणाले म्हणून दुसरीकडे जायचं थांबू नका. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मागासवर्गीय विद्यार्थ्यांना जेवण आणि राहण्यासाठी 'विद्यासिरी' योजनेतून वर्षातले दहा महिने रक्कम मिळते. अर्ज एसएसपीवरच.

बसचं काय?

मुलींना ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत राज्याच्या साध्या बसमधून कर्नाटकात मोफत प्रवास आहे, राज्यातला पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा. मुलांना वायव्य कर्नाटक परिवहनचा विद्यार्थी पास, सेवा सिंधू या राज्याच्या पोर्टलवरून. महाराष्ट्राच्या एसटीत यातलं काही चालत नाही. आणि सीमेवर काही वाजलं की पहिल्यांदा बसगाड्या थांबतात हे आपल्याला सांगायला नको. कोल्हापूरला परीक्षा असेल तर आदल्या दिवशीच जा.

पेपर चांगला गेला होता तरी नापास. आता?

आधी रडून घ्या, पण एकच दिवस. पुनर्मूल्यांकनाची मुदत छोटी असते आणि ती निकालाच्या तारखेपासून मोजतात, मार्क्स कार्ड हातात पडल्यापासून नाही. राणी चन्नम्मासारख्या राज्य विद्यापीठांचं परीक्षेचं काम यूयूसीएमएस पोर्टलवर चालतं, तिथं सूचना बघत राहा. शक्य असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, विषयाच्या सरांना दाखवा, मग पैसे भरायचे की नाही ते ठरवा. छायाप्रत मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला बघता येते हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच सांगितलंय. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, म्हणून पुनर्मूल्यांकनाची तारीख त्यात घालवू नका, दोन्ही एकदम करा. इंटर्नल्सचे मार्क चढवलेच नाहीत, हजर असून गैरहजर दाखवलं, असलं असेल तर तो विद्यापीठाचा नाही, बहुतेक वेळा कॉलेजच्या नोंदीचा घोळ असतो.

कॉलेज ऐकूनच घेत नाही. त्याच्यावर कोण?

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, आणि तिनं तक्रार आल्यापासून कामाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायला हवा. पटलं नाही तर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील, तिथं ३० दिवसांत निकाल अपेक्षित. लोकपाल म्हणजे टीव्हीवरचे नव्हेत. विद्यापीठानं नेमलेले, बहुधा निवृत्त न्यायाधीश किंवा प्राध्यापक. समितीचे सदस्य कोण हे कॉलेजनं जाहीर करायचं असतं. "अशी समिती आमच्याकडं नाही" असं उत्तर मिळालं तर ते लेखी मागा. बऱ्याचदा तेवढ्यावरच समिती सापडते.

वकील हवा असेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानं महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. फोन १५१००.

प्रवेश रद्द केला. फी आणि मूळ कागद दोन्ही अडकलेत.

मूळ मार्क्स कार्ड आणि टीसी ठेवून घ्यायचा अधिकार कॉलेजला नाही. तपासून लगेच परत द्यायचं, असं यूजीसीनं २०१८ च्या अधिसूचनेत सांगितलंय. त्याच अधिसूचनेत फीचा हिशेब आहे. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत (प्रक्रियेचा थोडा खर्च वगळून), त्यानंतर पण शेवटच्या तारखेआधी ९० टक्के, तारखेनंतरच्या १५ दिवसांत ८० टक्के, त्यापुढं ३० दिवसांपर्यंत ५० टक्के. पुढं शून्य. म्हणून 'बघू पुढच्या आठवड्यात' हे वाक्य फार महाग पडतं.

रॅगिंग होतंय. नाव सांगायची भीती वाटते.

१८००-१८०-५५२२. दिवसरात्र चालतो, नाव न सांगताही तक्रार करता येते. प्रवेशाच्या वेळी तुम्ही आणि आईवडिलांनी जे रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरलं, ते सीनियरांनीही भरलेलं असतं. 'मराठी' म्हणून किंवा 'कन्नड येत नाही' म्हणून रोज केलेली टिंगलही यात येते, आणि उलट बाजूनंही. आपल्या हॉस्टेलातल्या कन्नड पोराला पिडणारा मराठी असेल तर नियम तोच.

सरांकडून किंवा वर्गातल्या मुलाकडून त्रास होतोय. घरी सांगितलं तर कॉलेजच बंद करतील.

ही भीती खरी आहे, ती मी खोटी ठरवणार नाही. म्हणून आधी हे समजून घ्या: लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असलेल्या कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे जायला घरच्यांची परवानगी लागत नाही. तक्रार लेखी हवी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. उशीर झाला असेल तर कारण देऊन मुदत वाढू शकते. अध्यक्ष महिला असतात, चौकशी ९० दिवसांत पुरी करायची असते आणि नावं गुप्त ठेवायची असतात. मेसेज डिलीट करू नका, कितीही किळस आली तरी. फोटो-व्हिडिओची धमकी असेल तर सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन १९३०, महिला हेल्पलाइन १८१, आणि जीवाला धोका वाटला तर ११२.

अभ्यासात मन लागत नाही, झोप नाही, काही करावंसंच वाटत नाही. हे कुणाला सांगायचं?

आपल्याकडं याला नाव नसतं. "पोरगं गप्प गप्प राहतंय" एवढंच घरातले म्हणतात, मग कुणीतरी देवाला कौल लावतं. त्याला माझा विरोध नाही, पण सोबत एक फोनही करा: १४४१६. ही टेली मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून, मोफत, दिवसरात्र. वीस भाषांत आहे आणि त्यात मराठी आहे. सुरुवातीला भाषा निवडायला सांगतात, घाई न करता मराठी येईपर्यंत ऐका. दुःख परक्या भाषेत सांगायला जड जातं. मोडक्या कन्नडात "तलेनोवु" म्हणून डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन आलेला एक मुलगा मला माहीत आहे, त्याला सांगायचं होतं भलतंच.

समोर बसून बोलायचं असेल तर बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बीम्समध्ये, मानसोपचार विभाग आहे. ओपीडीची चिठ्ठी काढायची, कुणी 'वेडा' म्हणत नाही, शेजारी कंबरदुखीवाले बसलेले असतात. धारवाडला डिम्हान्स ही खास संस्था आहे, बसनं दोनेक तास. खानापूर, चिकोडीकडच्यांनी आधी तालुक्याच्या दवाखान्यात विचारावं, तिथं मानसोपचारतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी येतात. तुम्ही काय बोललात ते कॉलेजला कळवत नाहीत; २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ती गुप्तता तुमचा हक्क आहे.

जगणं नको असं वाटत असेल तर हे पान इथंच सोडा आणि आत्ता १४४१६ किंवा ११२ लावा, नाहीतर शेजारच्या खोलीतल्या कुणालाही उठवा. "पोलीस केस होईल" या भीतीनं कुणी थांबू नये. अशा माणसाला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे, असं तोच कायदा सांगतो. आणि तुम्ही मित्र असाल तर सल्ले देऊ नका. सोबत बसा, चहा प्या, एकटं सोडू नका.

मला दिसायला कमी आहे. परीक्षेत जादा वेळ मिळतो का?

मिळतो. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर तासाला २० मिनिटं जादा, लागला तर लेखनिक, आणि २०१६ च्या कायद्यानं सरकारी आणि अनुदानित संस्थांत ५ टक्के जागा. लेखनिकाचा अर्ज परीक्षेच्या फॉर्मबरोबर द्या, हॉल तिकीट आल्यावर नव्हे.

एजंट म्हणतोय, पाच हजार द्या, लोन आणि स्कॉलरशिप दोन्ही करून देतो.

त्याला नमस्कार करा. शिष्यवृत्तीचा सरकारी अर्ज फुकट असतो, सेवा केंद्राला फक्त त्यांचं ठरलेलं शुल्क. शैक्षणिक कर्जाचा अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून स्वतः करता येतो आणि नेहमीच्या योजनेत चार लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. बँकेनं नाकारलं तर कारण लेखी मागा. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या अ‍ॅपला फोनमधले नंबर उघडून दिले असतील आणि आता नातेवाइकांना फोन जात असतील, तर पैसे भरत बसण्याआधी १९३०.

डिग्री झाली, नोकरी नाही.

कर्नाटकाच्या युवा निधीत पदवीधराला महिना ३,००० आणि डिप्लोमावाल्याला १,५०० रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षं. २०२२-२३ पासून पुढं उत्तीर्ण झालेल्यांना, निकालानंतर १८० दिवस बेकार असतील तर. पुढं शिकत असाल तर मिळत नाही. अर्ज सेवा सिंधूवर.

घरात अभ्यासाला जागाच नाही. बेळगावात कुठं बसता येईल?

गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे. मराठी पुस्तकं भरपूर आणि पंखा चालू असतो. सगळे पेपर तिथं येतात, सरकारी जाहिरातीही पहिल्यांदा तिथंच दिसतात. बाजाराच्या गर्दीत आहे, पण आत गेलं की आवाज येत नाही. दुपारी जा, संध्याकाळी खुर्च्या आम्हा म्हाताऱ्यांच्या असतात.